गाडीचे दार हाताने उघडलेच पाहिजे

जालना जिल्ह्याला रस्त्याकडेच्या विहिरींचे अपघात नवे नाहीत. जुलै २०२४ मध्ये पंढरपूरहून परतलेल्या वारकऱ्यांना गावाकडे घेऊन निघालेली काळी-पिवळी जीप राजूर रस्त्यावर तुपेवाडीजवळ विहिरीत कोसळली आणि सात जणांचा जीव गेला. ऑगस्ट २०२५ मध्ये जाफराबाद तालुक्यात कार विहिरीत पडून पाच जण दगावले. या अपघातांचा दाराच्या हँडलशी संबंध जोडण्याचे कारण नाही. पण ग्रामीण रस्त्यावर अपघात झाला की मदतीला सर्वांत आधी कोण पोहोचते, हे अशा घटनांतून कळते. पोहोचतो तो शेजारच्या शेतातला माणूस. त्याच्याकडे पत्रा कापणारे यंत्र नसते, दार उचकटणारा जॅक नसतो. असलाच तर दोर, विळा किंवा पहार असते, आणि दोन हात असतात.

त्या हातांना गाडीवर धरायला काय मिळते, हा प्रश्न आता महत्त्वाचा ठरू लागला आहे. गाडीच्या दाराचे बाहेरचे हँडलच काढून टाकायचे, त्या जागेवर पत्रा बसवून वरून रंग मारायचा आणि दार रिमोटच्या बटणावर उघडायचे, अशी हौस काही वर्षांपासून गाड्या सजवणाऱ्यांमध्ये आहे. परदेशातून आलेल्या या प्रकाराचे सुटे साहित्य आज ऑनलाइन सहज मिळते. दुसरीकडे खुद्द कंपन्यांनीच दाराच्या पातळीत दडलेले हँडल आणले. भारतात २०२१ साली महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० या गाडीवर आणि नंतर टाटांच्या कर्व्हवर ते दिसू लागले. विजेवर चालणाऱ्या महागड्या परदेशी गाड्यांत तर दाराची कडीच मोटरने सुटते. या सगळ्या गाड्या एकाच मापाने मोजता येणार नाहीत. काहींमध्ये हँडल दडलेले असले तरी आतली जोडणी जुन्याच पद्धतीची, तारेची असते. त्यामुळे प्रश्न हँडल दिसते की दडते एवढाच नाही. वीज गेल्यावर दार उघडते का, हा खरा प्रश्न आहे.

हँडल आणि कडी यांच्यामधला दुवा

नेहमीच्या गाडीत हँडल ओढले की त्याला जोडलेली सळई किंवा तार ताणली जाते आणि दाराच्या कडेला असलेली कडी सुटते. हाताची ताकद थेट कडीपर्यंत जाते. मध्ये बॅटरी नाही, वायर नाही. गाडी दहा वर्षे उन्हात उभी असली तरी कुलूप लावलेले नसेल तर दार उघडते.

विजेच्या व्यवस्थेत हा दुवा तुटतो. बटण दाबले की इशारा नियंत्रकाकडे जातो, तो १२ व्होल्टच्या बॅटरीतून प्रवाह सोडतो आणि मोटर किंवा सोलेनॉइड कडी ओढते. सोलेनॉइड म्हणजे प्रवाह मिळताच लोखंडी दांडा आत खेचणारे तारेचे वेटोळे. यातला एक जरी टप्पा निकामी झाला तरी दार बंद राहते. रिमोटचा सेल संपणे ही किरकोळ अडचण झाली. पण बॅटरी उतरणे, फ्यूज उडणे, दार आणि सांगाडा यांच्यामधल्या रबरी नळीतली वायर उघडझाप होऊन तुटणे, पाणी शिरून शॉर्ट होणे, हे सगळे जुन्या होत जाणाऱ्या गाडीत घडतेच. आणि समोरून धडक बसते तेव्हा बोनेटखालची बॅटरी बहुतेक गाड्यांत पहिल्या माराच्या टप्प्यात येते. म्हणजे दार उघडण्याची सर्वांत जास्त गरज ज्या क्षणी असते, नेमका तोच क्षण या व्यवस्थेच्या दृष्टीने सर्वांत धोक्याचा असतो.

दाराकडून अपेक्षा दोन असतात आणि त्या एकमेकींच्या उलट आहेत. धडक बसत असताना दार घट्ट बंद राहिले पाहिजे, कारण गाडीबाहेर फेकला गेलेला माणूस क्वचितच वाचतो. धडक संपली की तेच दार सहज उघडले पाहिजे. समोरासमोरच्या धडकेच्या चाचणीसाठी संयुक्त राष्ट्रांचा जो नियम आहे, त्यात चाचणीनंतर आसनांच्या प्रत्येक रांगेचे किमान एक दार कोणत्याही हत्याराशिवाय उघडावे, अशी अट आहे. भारतात २०१७ पासून नव्या मॉडेलना लागू झालेली धडक चाचणी याच नियमावर बेतलेली आहे. गॅरेजमध्ये हँडल कापून बसवलेली रिमोटची व्यवस्था मात्र अशा कोणत्याही चाचणीतून गेलेली नसते.

दारामागचा माणूस

डॉक्टरच्या दृष्टीने गाडीचे दार हा उपचाराचा पहिला टप्पा आहे. मोटार वाहन कायद्याने अपघातानंतरच्या पहिल्या तासाला ‘गोल्डन अवर’ म्हटले आहे. पण काही जखमींच्या वाट्याला तासही येत नाही. डोक्याला मार लागून बेशुद्ध झालेला माणूस आसनावर बसल्या बसल्या मान पुढे टाकतो. जीभ मागे पडते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट बंद होते. मेंदूला चार-पाच मिनिटे प्राणवायू मिळाला नाही तर कायमची इजा सुरू होते. अशा वेळी काय लागते? दार उघडून कोणीतरी आत हात घालायचा, मान न वाकवता जबडा हलकेच पुढे उचलायचा आणि श्वासाची वाट मोकळी करून धरायची. एवढ्यानेही जीव वाचू शकतो. मांडीतली किंवा दंडातली मोठी रक्तवाहिनी फाटली असेल तर कापडाची घडी करून दाबून धरणे हाही उपचारच आहे. दोन्हींना औषध लागत नाही आणि पदवी लागत नाही. लागते ते उघडलेले दार.

आग लागली तर हिशेब आणखी कमी वेळाचा होतो. लोक भाजून मरतात असा समज आहे. बंद वाहनातल्या आगीत बहुतेकदा आधी धूर मारतो. जळणाऱ्या आसनांच्या फोममधून आणि प्लॅस्टिकमधून कार्बन मोनॉक्साइड व सायनाइड वायू बाहेर पडतात. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. त्यामुळे आधी गोंधळ उडतो, हात-पाय ढिले पडतात आणि मग शुद्ध हरपते. दाराची आपत्कालीन कडी कुठे आहे हे आठवून शोधण्याची क्षमता त्या माणसात उरत नाही. एखादी सोय सीटखाली किंवा दाराच्या खिशातल्या आच्छादनाखाली दडवून ‘दिली आहे’ म्हणणे वैद्यकीयदृष्ट्या पुरेसे का नाही, याचे उत्तर यात आहे.

बाहेर पडण्याचा मार्ग बंद झाला की काय होते, ते जालन्याला लागून असलेल्या सिंदखेडराजाजवळ १ जुलै २०२३ च्या रात्री दिसले. समृद्धी महामार्गावर नागपूरहून पुण्याकडे जाणारी खासगी बस पिंपळखुटा गावाजवळ डाव्या कुशीवर उलटली आणि पेटली. दार जमिनीकडे दाबले गेले होते. २५ प्रवासी मृत्युमुखी पडले. वाचलेल्या आठ जणांपैकी काहींनी काच फोडून सुटका करून घेतली. त्या बसचे दार विजेचे होते की साधे, हा मुद्दा नाही. वाहनातून बाहेर पडण्याचा एक मार्ग बंद होईल हे गृहीत धरूनच दुसरा ठेवायचा असतो. हँडल काढून टाकणारा माणूस मात्र असलेला मार्गही आपल्या हाताने कमी करतो.

पाण्यात दार, उन्हात दार

विहिरीच्या किंवा पुराच्या पाण्यात दाराची गोष्ट वेगळी आहे आणि ती प्रत्येक कुटुंबाला माहीत हवी. एक मीटर रुंद दाराच्या बाहेर ६० सेंटिमीटर पाणी चढले आणि आत पाणी नसले, तर दारावर सुमारे १८० किलो वजनाइतका दाब येतो. हँडल कितीही चांगले असले तरी हे दार माणसाच्या ताकदीने ढकलले जात नाही. म्हणून पाण्यात पडलेल्या गाडीत दाराशी झटापट करण्यात वेळ घालवू नये. पट्टा सोडावा, काच खाली करावी, आधी मुलांना बाहेर काढावे आणि लगेच स्वतः निघावे. गाडी तरंगत असते तो पहिला मिनिटभराचा अवधीच खरा हाताशी असतो. काचा विजेच्या असल्या तरी पाणी वायरिंगपर्यंत पोहोचण्याआधी त्या बहुतेकदा चालतात. म्हणून पहिला हात काचेच्या बटणावर गेला पाहिजे. गाडीत पाणी भरून आतला आणि बाहेरचा दाब सारखा झाला की दार उघडू शकते, पण तोवर वीज गेलेली असते. त्या क्षणी तारेवर चालणारे हँडल शेवटची संधी देते. विजेवरचे दार तीही देत नाही. बाहेरून पोहत आलेल्या माणसालाही तेव्हा धरायला मूठच लागते.

दुसरे संकट मराठवाडा-विदर्भाच्या उन्हाचे. जून २०२३ मध्ये नागपूरच्या पाचपावली भागात तीन लहान मुले उभ्या असलेल्या गाडीत मृतावस्थेत सापडली. मे २०२५ मध्ये आंध्र प्रदेशातल्या विजयनगरम जिल्ह्यात द्वारपुडी गावात चार मुलांचा असाच अंत झाला. उन्हात बंद असलेल्या गाडीतले तापमान तासाभरात बाहेरच्यापेक्षा सरासरी २२ अंश सेल्सिअसने वाढते आणि त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासात होते, असे अमेरिकेतल्या मोजणीत आढळले आहे. काच थोडी उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. लहान मुलाचे शरीर मोठ्या माणसाच्या तुलनेत तीन ते पाच पट वेगाने तापते. शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर गेले की उष्माघात होतो. मूल बडबडते, झटके येतात, मग निपचित पडते. आत बटण कुठे आहे हे चार वर्षांच्या मुलाला समजत नाही. मागच्या दारांचे चाइल्ड लॉक लावलेले असेल तर आतले हँडलही चालत नाही. अशा मुलाला वाचवणारे हँडल बाहेरचेच असते, आणि ते रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसाला दिसले पाहिजे.

जगाने घेतलेला धडा

बाहेरच्या देशांत याची किंमत मोजून झाली आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये चीनमधल्या चंगदू शहरात शाओमी कंपनीची विजेवर चालणारी कार अपघातानंतर पेटली. रस्त्यावरचे लोक धावले, काचेवर हाताने-पायाने मारत राहिले, पण दार उघडता आले नाही आणि चालक आत गेला. त्याआधी सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा यंत्रणेने टेस्लाच्या २०२१ च्या मॉडेल वाय या सुमारे १ लाख ७४ हजार गाड्यांची चौकशी सुरू केली. मुलाला मागच्या सीटवर बसवून आई-वडील बाहेर आले आणि मग बाहेरचे विजेचे हँडलच चालेना, अशा तक्रारी होत्या. काहींना काच फोडावी लागली. इथे धडक नव्हती की आग नव्हती. संशय होता तो बॅटरीचा दाब कमी पडल्याचा.

चीनने फेब्रुवारी २०२६ मध्ये सक्तीचे मानक जाहीर केले. १ जानेवारी २०२७ पासून तिथल्या नव्या मोटारींना आतून आणि बाहेरून विजेविना, हाताने दार उघडण्याची सोय ठेवावी लागेल. ज्या देशाने विजेच्या गाड्यांची सर्वांत मोठी बाजारपेठ उभी केली, त्यानेच हा निर्णय घेतला आहे. तंत्रज्ञानाला विरोध म्हणून तो घेतलेला नाही.

विजेच्या दाराचे फायदेही मान्य केले पाहिजेत. संधिवाताने बोटे आखडलेल्या स्त्रीला, पक्षाघाताने एक हात दुबळा झालेल्या रुग्णाला, चाकाच्या खुर्चीवरून गाडीत बसणाऱ्याला बटणावर उघडणारे दार मोठा आधार असतो. धडक बसताच कुलपे आपोआप उघडणारी व्यवस्था तर अनेकांना वाचवते. म्हणून मागणी वीज काढून टाकण्याची नाही. विजेसोबत हाताची सोय राहिली पाहिजे, आणि ती शिकवल्याशिवाय सापडेल अशी असली पाहिजे, एवढीच आहे.

धावड्याच्या रस्त्यावर हे जास्त का लागते

मोठ्या शहरात अग्निशमन दल पत्रा कापणारी यंत्रे घेऊन येऊ शकते. भोकरदन तालुक्याच्या उत्तर टोकाला, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी असलेल्या धावडा परिसरात ती सोय मिनिटांच्या अंतरावर नाही. पावसाळ्यात ओढे-नाले रस्त्यावरून वाहतात. मिरचीच्या हंगामात पिंपळगाव रेणुकाई आणि धावड्याच्या रस्त्यांवर पहाटेपासून वाहनांची ये-जा असते. अपघात झाला तर जखमी आधी भोकरदनच्या ग्रामीण रुग्णालयात, तिथून जालन्याला आणि डोक्याचा मार असेल तर छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयापर्यंत, असा प्रवास ठरलेला. त्या लांबच्या वाटेवर वाचवता येण्यासारखी मिनिटे सुरुवातीलाच असतात, आणि ती वाचवणारा माणूस गावातलाच असतो. जिथे यंत्र उशिरा पोहोचते, तिथे गाडी हाताने उघडण्याची गरज सर्वांत जास्त. गाडीची हौस मात्र शहरातून गावात येते आणि शहरातली मदत मागे राहते.

कायद्याचेही बळ याच बाजूला आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या रचनेत मनाप्रमाणे फेरबदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले. हँडल कापलेल्या गाडीला अपघात झाला तर विमा कंपनीला दावा अडवायला आयतेच कारण मिळते. उलट मदत करणाऱ्याला याच कायद्याच्या कलम १३४ अ ने संरक्षण दिले आहे. सद्भावनेने जखमीला मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही आणि नाव सांगण्याची सक्ती नाही. पोलिसांच्या फेऱ्यांच्या भीतीने मागे थांबणाऱ्या प्रत्येकाला हे सांगायला हवे.

काय करता येईल

ज्याच्या गाडीचे हँडल काढून रिमोट बसवला आहे, त्याने ते परत बसवून घ्यावे. निदान तोवर लहान मुले आणि वृद्ध यांना त्या गाडीतून नेऊ नये. नवी गाडी घेताना विक्रेत्याला एकच गोष्ट करून दाखवायला सांगावी: बॅटरीची वायर काढल्यावर, कुलूप नसताना, चारही दारे आतून आणि बाहेरून कशी उघडतात. आतली आपत्कालीन कडी कुठे आहे ते घरातल्या प्रत्येकाने, विशेषतः मागे बसणाऱ्यांनी, एकदा हाताने ओढून पाहावे. दारात उभ्या राहणाऱ्या गाडीला, बंद पडलेल्या जुन्या गाडीलाही, कुलूप लावून किल्ली मुलांपासून दूर ठेवावी. काच फोडण्याची टोकदार हातोडी चालकाच्या हाताशी असावी, डिकीत नसावी. समोरची काच दोन थरांची असते आणि सहज फुटत नाही. काही नव्या गाड्यांत बाजूची काचही तशीच असते, ते आधी विचारून घ्यावे. साधी बाजूची काच मध्यभागी न मारता कोपऱ्यात मारावी.

मदतीला धावणाऱ्याने आधी १०८ ला फोन करायला कोणाला तरी सांगावे. आग किंवा पाणी नसेल तर जखमीला ओढून काढू नये. दार उघडून मान स्थिर धरावी, श्वास पाहावा, रक्तस्राव दाबावा. आग किंवा पाणी असेल तर मात्र मानेची काळजी दुय्यम ठरते, आधी बाहेर काढावे. अडकलेला पट्टा विळ्याने कापता येतो. उन्हात अडकलेल्या मुलाला सावलीत आणून कपडे काढावेत, अंगावर पाणी ओतून वारा घालावा, काखेत आणि जांघेत ओले थंड कापड ठेवावे. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये.

बाकीचे काम शासनाचे आहे. दार आतून आणि बाहेरून विजेविना उघडले पाहिजे, हा नियम भारतातही स्पष्ट शब्दांत आणि सर्व मोटारींसाठी व्हावा. परिवहन कार्यालयांनी हँडल काढलेल्या गाड्या तपासणीत अडवाव्यात आणि असे काम करणाऱ्या गॅरेजनाही जाब विचारावा. रस्त्यालगतच्या विहिरींना कठडे बांधण्याचे काम तर यापेक्षाही जुने आणि यापेक्षाही तातडीचे आहे. तोपर्यंत निदान गाडीवर असलेले हँडल कोणी हौसेने काढून टाकू नये. ते हँडल गाडीच्या मालकासाठी जेवढे आहे, तेवढेच त्याच्या मदतीला धावून येणाऱ्या अनोळखी माणसासाठीही आहे.